दिसले नाही, तेही लिहा



नाशिकच्या इंदिरानगरातली ही व्याख्यानमाला एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून संयोजकांनी ‘शहरातली मुले, विज्ञान आणि निसर्ग’ हा विषय सुचवला तेव्हा मी लगेच होकार दिला. समोर पहिल्या दोन रांगांत मुले बसली आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. मुलांनो, कंटाळा आला तर खुशाल उठून जा. पण चिमण्यांचा आणि सावलीचा भाग येईपर्यंत तरी थांबा.

शहरातल्या मुलांना निसर्ग दाखवायचा म्हटले की मोठ्यांच्या मनात पहिल्यांदा गाडी येते. मुलांना गाडीत घालून कुठेतरी लांब न्यायचे. नांदूरमधमेश्वर जवळच आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा तो जलाशय २०२० साली रामसर यादीत गेला, महाराष्ट्रातले ते पहिले रामसर क्षेत्र. अंजनेरी आहे, भंडारदरा आहे. जरूर न्या. पण वर्षातून एका रविवारी पाहिलेले रोहित पक्षी आणि वर्षाचे उरलेले सगळे दिवस न पाहिलेला आपला स्वतःचा परिसर, असा हिशेब असेल तर त्या सहलीतून फोटो मिळतात, विज्ञान मिळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की शहरातल्या मुलांना विज्ञान द्यायचे असेल तर त्यांच्या हाती एक वही द्या आणि त्यांच्याच गच्चीवरच्या, गल्लीतल्या, अंगणातल्या गोष्टींची नोंद वर्षानुवर्षे ठेवू द्या. पुढे शास्त्रज्ञ होण्याची ती पूर्वतयारी आहे असे मी म्हणत नाही. ती नोंद हेच विज्ञान आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या गच्चीवरून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो. लेणी सगळ्यांना ठाऊक आहेत. नहपान, गौतमीपुत्र सातकर्णी ही नावे मुलांनी इतिहासात वाचलेली असतात. पण याच डोंगराचे नाव जगभरच्या खनिज-संग्राहकांना वेगळ्याच कारणाने तोंडपाठ आहे. ‘पांडुलेणा, नाशिक’ असे लेबल लावलेले पॉवेलाइटचे स्फटिक जगातल्या नामांकित संग्रहांत आहेत. कॅल्शियम आणि मॉलिब्डेनम यांचे हे खनिज. अतिनील प्रकाशाचा दिवा लावला की ते पिवळसर उजळते. या डोंगराच्या परिसरातल्या खाणीत खडी काढताना बेसाल्टच्या पोकळ्यांत ते सापडले. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास इथे लाव्हा पसरला, थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे गरम पाणी खडकातून झिरपत राहिले आणि त्या पोकळ्यांच्या आतून स्टिलबाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइट, अ‍ॅपोफिलाइट असे स्फटिक वाढत गेले. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथे या खजिन्याचे दर्शन होते. पाहिले नसेल तर पुढच्या सुट्टीत पाहून या.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. संग्रहालयातला स्फटिक कितीही देखणा असो, तो कुठल्या खाणीतून आला हे लिहिलेली चिठ्ठी हरवली तर अभ्यासाच्या दृष्टीने त्याची किंमत फार घसरते. शोभेची वस्तू म्हणून तो उरतो. सुरुंगाच्या धुरळ्यात कोणीतरी थांबले, तो दगड खडीत जाऊ न देता बाजूला ठेवला, आणि त्यावर जागेचे नाव घातले; म्हणून आज नाशिक खनिजशास्त्राच्या नकाशावर आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. खेतवाडीतला नऊ-दहा वर्षांचा मुलगा. गजबजलेली वस्ती, घरात माणसांचा राबता, हाती छऱ्याची बंदूक. घराच्या तबेल्यापाशी चिमण्यांचे घरटे होते, मादी आत अंड्यांवर बसायची, नर बाहेर पहारा करायचा. मुलाने नर टिपला. थोड्या वेळाने तिथे दुसरा नर हजर. तोही टिपला, तिसरा आला. सात दिवसांत आठ नर गेले आणि दर वेळी त्या मादीला नवा जोडीदार मिळाला. मुलाने हे सारे वहीत लिहून ठेवले. हा मुलगा म्हणजे सालिम अली. ती बालपणीची नोंद जवळपास साठ वर्षांनी पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत जवळजवळ जशीच्या तशी छापली गेली, कारण पक्ष्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात ती तेव्हाही कामाची होती. बंदूक तेवढी आज कोणी घेऊ नये. दुर्बीण आणि पेन्सिल पुरे.

पुढची कथा सर्वांना माहीत आहे. १९०८ साली याच मुलाने गळ्यावर पिवळा डाग असलेली एक वेगळी चिमणी मारली, ती खाण्यालायक आहे की नाही असा प्रश्न पडला, आणि मामांची ओळखचिठ्ठी घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथले मानद सचिव मिलार्ड. एखाद्या पोराला वाटेला लावायला त्यांना अर्धे मिनिट लागले असते. त्यांनी तसे केले नाही. पक्षी ओळखून दिला, रानचिमणी. मग एकेक खण उघडून संग्रहातले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली, पक्ष्यांचे कातडे टिकवायचे कसे हे शिकायची सोय करून दिली. भारतातल्या पक्षिशास्त्राचे पुढचे पाऊण शतक त्या खणांतून निघाले. मुंबईसारख्या शहरातले मूल होते, आणि त्याला शहरातलीच एक संस्था आणि एक फुरसत असलेला मोठा माणूस मिळाला.

चिमणीचा विषय निघालाच आहे तर नाशिकचे ऋण सांगितले पाहिजे. २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस. तो पहिल्यांदा २०१० साली साजरा झाला आणि त्यामागे आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी आहे. चिमण्या कमी झाल्या अशी कुजबुज तोवर घरोघरी होती, त्यांनी ती जगाच्या कानावर घातली. दोन वर्षांनी दिल्लीने चिमणीला राज्यपक्षी केले. लाकडी घरटी आणि पाण्याची भांडी गॅलऱ्यांत टांगली गेली, ती अजून टांगली जातात. आपल्या कॉलनीतही दिसतात.

पण शास्त्रज्ञांनी जेव्हा विचारले की चिमण्या नेमक्या किती कमी झाल्या, केव्हापासून, कुठल्या भागात, तेव्हा देशभर शांतता. वाघ मोजले होते, हत्ती मोजले होते. चिमणी कोणी मोजली नव्हती, कारण ती सगळीकडे होती. माझ्या पिढीने आरशावर चोच मारणारी, फोटोच्या मागे काड्या कोंबणारी चिमणी रोज पाहिली आणि तिच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. २०२० साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. त्यासाठी आकडे कोणी दिले? साडेपंधरा हजार हौशी पक्षिनिरीक्षकांनी, एक कोटीहून अधिक नोंदींतून. त्यातून कळले की देशपातळीवर पंचवीस वर्षांत चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे, मोठ्या शहरांत मात्र ती हळूहळू घटते आहे. नुसत्या आठवणींवर विसंबलो असतो तर हे दोन्ही कळले नसते. मग इंदिरानगरचे काय? राजीवनगरचे काय, वडाळा गावाचे काय? ते सांगण्याइतक्या नोंदी अजून नाहीत. त्या या पहिल्या दोन रांगा देऊ शकतात.

पद्धत अगदी साधी आहे. आठवड्यातला एक वार ठरवा. सकाळची तीच वेळ, तीच गॅलरी, दहा मिनिटे. एका वेळी जास्तीत जास्त किती चिमण्या दिसल्या ते लिहा. ढग होते का, समोर बांधकाम चालू आहे का, खालच्या किराणा दुकानाबाहेर धान्य सांडलेले होते का, तेही लिहा. आणि एकही चिमणी दिसली नाही तर शून्य लिहा. मुले इथे हमखास अडखळतात. त्यांना वाटते, काही दिसलेच नाही तर लिहायचे काय? पान कोरे सोडले तर दहा वर्षांनी वाचणाऱ्याला कळणार नाही की त्या दिवशी चिमण्या नव्हत्या की पाहणारेच नव्हते. शून्य ही नोंद आहे, आणि चिमणीच्या बाबतीत तर ती सर्वांत महत्त्वाची नोंद आहे.

आता शाळेत काय चालते ते थोडक्यात सांगते, कारण पालकांना ते माहीत आहे. विज्ञान प्रदर्शन आले की थर्माकोलचा ज्वालामुखी आणि पवनचक्की तयार मिळते. रात्री बाबा रंग देतात, सकाळी मूल पाठ केलेली चार वाक्ये म्हणते, परीक्षक पुढे सरकतात. मी अशा अनेक प्रदर्शनांत परीक्षक होते. ज्या मुलाला ‘हे चालले नाही तर काय करशील’ असा प्रश्न विचारला, ते मूल घाबरून आईकडे पाहायचे. प्रयोग फसू शकतो हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. शिक्षकांना मी दोष देत नाही. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि वर कागदपत्रांचा ढीग. पण मग ही जागा शाळेबाहेर, वस्तीत, आपणच तयार करायला हवी.

त्यासाठी मला सर्वांत आवडणारा प्रयोग सावलीचा. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, असे आपण सगळे म्हणतो. नाशिकमध्ये तो बाराला येत नाही आणि वर्षातले दोन दिवस सोडले तर बरोबर डोक्यावरही येत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची, आपण पावणेचौऱ्याहत्तरच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपली खरी मध्यान्ह पस्तीस मिनिटे उशिरा. ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटे इकडेतिकडे. आणि आपले अक्षांश जवळजवळ वीस. म्हणून मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर येतो, पुन्हा एकदा जुलैच्या २३-२४ च्या सुमारास. जुलैत बहुधा ढग असतात. मे महिना मात्र स्वच्छ, आणि शाळेला सुट्टी.

एक मीटरची सरळ काठी घ्या. ती उभी आहे की कललेली हे डोळ्यांवर सोडू नका. गवंड्याचा ओळंबा लावून पाहा. गच्चीच्या सपाट भागावर, कुरडया-पापडांचे वाळवण सोडून, ती पक्की बसवा. डिसेंबरमध्ये मध्यान्हीला तिची सावली उत्तरेकडे पडते आणि जवळजवळ ९५ सेंटीमीटर भरते. दर रविवारी खडूने टोकाची खूण करत जा. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, खुणा काठीच्या जवळ येत जातात. मेच्या विसाव्या दिवशी साडेबाराच्या आसपास काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. काठीऐवजी स्टीलचा डबा ठेवला तर त्याच्याभोवती सावलीची कडसुद्धा राहत नाही. मुले ओरडतात. पण खरी मजा पुढच्या आठवड्यांत आहे. ढग आले नाहीत तर जूनमध्ये सावली दक्षिणेला गेलेली सापडते, कमाल सहा सेंटीमीटरच्या आसपास. सूर्य आपल्या उत्तरेला गेला! पुस्तकात कर्कवृत्त पाठ केलेल्या आठवीच्या मुलीला ते स्वतःच्या गच्चीवर, खडूच्या खुणेत दिसते.

इथे एक पाऊल पुढे टाका. नाशिकमध्ये सावली नाहीशी होते त्याच दिवशी कोल्हापूरच्या मावशीच्या किंवा मित्राच्या गच्चीवरही एक मीटरची काठी उभी करा. कोल्हापूर जवळजवळ आपल्याच रेखांशावर आहे, दक्षिणेला साधारण ३६५ किलोमीटर. त्या मध्यान्हीला तिथे सावली दक्षिणेकडे पडेल, पावणेसहा सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे सूर्य तिथल्या माथ्यापासून ३.३ अंश ढळलेला. ३.३ अंशांना ३६५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा, उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या अगदी जवळ येते. तो पृथ्वीचा परीघ. इराटोस्थेनीसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केले. नाशिकची आणि कोल्हापूरची दोन पोरे फोनवर बोलत ते करू शकतात. मोजमापात चार-पाच मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर तीनएक हजार किलोमीटरने हलते, हेही त्यांना कळते. चूक कुठून आली हे शोधण्यात जो तास जातो, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मुलांनो, सूर्याकडे मात्र थेट पाहायचे नाही. आपले काम सावलीशी.

सगळ्याच नोंदी सुंदर गोष्टींच्या असाव्यात असे नाही. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूची साथ येते, महापालिकेचे कर्मचारी घरोघरी टाक्या आणि कूलर पाहत फिरतात, आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळा असे सांगतात. आठवड्यातूनच का? याचे उत्तर काचेच्या बरणीत मिळते. कुंडीखालच्या ताटलीतले वळवळणाऱ्या अळ्यांचे पाणी बरणीत घ्या, तोंडाला कापड घट्ट बांधा आणि भिंगातून पाहा. बरणीला टिचकी मारली की अळ्या तळाला जातात, मग श्वासासाठी पुन्हा वर येतात. डोके खाली घालून तिरक्या लटकल्या असतील तर त्या एडिस किंवा क्युलेक्स डासांच्या, पृष्ठभागाला समांतर पडून राहत असतील तर ॲनाफेलिसच्या. काही दिवसांत अळी स्वल्पविरामासारख्या कोषात बदलते आणि मग डास. अंड्यापासून डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस. म्हणून दर आठवड्याला पाणी ओतून दिले की साखळी तुटते. आणि ताटली नुसती ओतून भागत नाही, घासायला हवी, कारण एडिसची अंडी काठाला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने तग धरतात. हे ज्या मुलाने बरणीत पाहिले, त्याला सोसायटीच्या सूचनाफलकाची गरज राहत नाही. उलट तेच मूल सेक्रेटरींच्या घरी जाऊन फ्रिजमागचा ट्रे दाखवायला सांगते. काम झाल्यावर बरणी मात्र कडक उन्हात रस्त्यावर ओतून द्यायची, गटारात नाही.

हे सगळे करायला कोणी मोठे माणूस लागते का? लागते. पण फार जाणकार लागत नाही, टिकाऊ लागते. महाराष्ट्रात अशा माणसांची वानवा नाही. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद काम करते आहे. आज मानखुर्दला असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या आयुकात पु. ल. देशपांडे यांच्या नावे मिळालेल्या देणगीतून मुलांची विज्ञान शोधिका उभी राहिली, तिच्या इमारतीचे नावही सप्तर्षींतल्या ताऱ्यावरून ‘पुलस्त्य’. तिथे अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून मुलांना त्रिकोण का मजबूत आणि चौकोन का डळमळीत हे हातात देऊन शिकवले.

आणि डॉ. जयंत नारळीकर. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष, प्रकृतीमुळे त्यांना इथे प्रत्यक्ष येता आले नाही. मे २०२५ मध्ये ते गेले. व्याख्यानानंतर मुले सही मागायला गर्दी करत, तेव्हा ते सांगत की मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहून खाली सही करीन. आणि ते खरोखर उत्तरे पाठवत. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ, एका संस्थेचा व्याप, तरी पोस्टकार्डे लिहायला वेळ होता. मिलार्ड आणि नारळीकर यांच्यात मला एकच गोष्ट समान दिसते: दोघांनीही मुलाचा प्रश्न आपल्या कामाचा भाग मानला. आपल्या कॉलनीत निवृत्त इंजिनिअर आहेत, बँकेतले आहेत, प्राध्यापिका आहेत, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर मी त्यांना भेटते. त्यांना खगोलशास्त्र आले पाहिजे असे नाही. ‘मला ठाऊक नाही, चल, बघू’ एवढे म्हणता आले आणि पुढच्या रविवारी त्याच वेळी पुन्हा येता आले, की झाले.

एक गोष्ट मला मनापासून बोचते, ती बोलल्याशिवाय खाली बसणार नाही. निसर्गशिबिरे हल्ली पुष्कळ निघाली आहेत. टोप्या, टी-शर्ट, खाऊ, आणि फी. ज्यांच्या आया आपल्या घरी धुणीभांडी करतात त्या मुलांना ती परवडत नाही. पण नासर्डी नदीचे पाणी कुठल्या दिवशी काळे येते, कुठल्या दिवशी फेस येतो, वास सकाळी जास्त की रात्री, हे तिच्या काठावर राहणारी ती मुलेच सांगू शकतात. इमारतीतली मुले पुलावरून काच वर करून जातात. नासर्डी म्हणजे तीच नंदिनी, जिच्या काठी टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली. पाण्यात उतरायचे नाही, हात घालायचा नाही. काठावरून, रोज एकाच जागेवरून, रंग, फेस, वास आणि पातळी लिहायची. पातळीसाठी पुलाच्या खांबावर रंगाच्या रेघा मारून घेता येतील, महापालिकेची परवानगी काढून. वर्षभराची अशी वही घेऊन मुले आयुक्तांकडे गेली तर तिचे वजन आपल्या दहा निवेदनांपेक्षा जास्त भरेल. म्हणून माझी अट अशी, की या उपक्रमाला फी नसावी आणि वह्या सगळ्यांना सारख्या, एकाच दुकानातल्या असाव्यात.

पालक विचारतील, दहावीचे काय? दहावीला आलेल्या मुलाने वही खालच्या इयत्तेतल्या मुलाला द्यावी. चिमण्यांची नोंद एका मुलाची नसतेच, त्या गॅलरीची असते. घर बदलले, भाडेकरू गेले, तर पुढच्या घरातल्या मुलाने तिथूनच पुढे लिहावे. या पद्धतीने पाच वर्षे गेली तर नाशिकच्या कुठल्याही महाविद्यालयातल्या संशोधकाला इंदिरानगरकडे यावे लागेल.

तेव्हा संयोजकांना माझी एक विनंती आहे, आणि ती मी जाहीरपणे करते म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षीपासून या व्याख्यानमालेतली पहिली वीस मिनिटे मुलांना द्या. चिमण्यांची वही, सावलीची वही, नासर्डीची वही, ज्यांच्याकडे जी असेल ती त्यांनी इथे उभे राहून वाचावी. श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत, खरे प्रश्न, कौतुकाचे नाहीत: त्या दिवशी आकडा एकदम का चढला, दोन आठवडे पान कोरे का आहे. मग वक्त्याने बोलावे. वह्या आज मागे टेबलावर ठेवल्या आहेत. नाव, इयत्ता आणि कुठून पाहणार ती जागा पहिल्या पानावर लिहून घेऊन जा.